बांध झाला, मातीचे काय?

सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ साली सुरू झाले. पुढे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यान्वये व १९७२ च्या दुष्काळी कामांतून बांधबंदिस्तीही पुष्कळ झाली. तथापि बांध घातला म्हणजे जमीन राखली, ही समजूत अपुरी होय. बांध वाहते पाणी थोपवितो. ते मुरवून धरण्याचे काम बांधाआतील माती करते. शेण चुलीत गेले व धसकटेही जाळली, तर मातीतील सेंद्रिय अंश घटतो, वर पापुद्रा धरतो आणि सप्टेंबरचा पाऊस वाहून जातो. मग शाळू ज्वारी ऐन पोटरीत सुकू लागते.

उपाय शेतकऱ्याच्या हातचे आहेत. पावसाळ्यात उताराला आडवी मशागत करून बंदिस्त वाफे पाडावेत. उभ्या पिकात कोळपणी करून भेगा बुजवाव्यात. बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याचा पाला जमिनीत व वाळलेल्या फांद्या चुलीत गेल्यास शेण खतासाठी उरेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधांची लांबी अवश्य मोजावी. परंतु गावातील खताचे खड्डे किती भरले, हेही पाहावे. मातीने दिलेले तिला काही अंशी परत केल्यावाचून पुढील हंगामाची शाश्वती नाही.