अभिरूप राष्ट्रसंघ आणि आपली मुले

गेल्या पावसाळ्यातील पालकसभेत खेड तालुक्यातील एका पालकांनी उभे राहून मला विचारले, "सर, हे दहावीच्या पेपरात येणार आहे का?" त्यांच्या प्रश्नात उपरोध नव्हता. मुंबईत कंत्राटी नोकरी, एका दिवसाचा पगार बुडवून आणि रात्रीची गाडी धरून आलेला तो बाप होता. मुलाने घरी फोनवर सांगितले होते, "बाबा, मी सध्या नॉर्वे आहे." बापाला चिंता वाटणे स्वाभाविकच होते.

मी "नाही, येणार नाही" असे उत्तर दिले आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. पण प्रश्न माझ्याबरोबर राहिला. आपल्या शाळेत काही वर्षे चाललेला अभिरूप संयुक्त राष्ट्रसंघाचा उपक्रम पुढे चालवावा की थांबवावा, याविषयी शाळेच्या हितचिंतकांत दोन मते आहेत हे मी जाणतो. माझे मत चालवावा असे आहे. परंतु त्यातील एका गोष्टीविषयी मी स्वतःच चुकलो होतो. तीही येथे सांगणे मला आवश्यक वाटते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन. प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश दिला जातो. विषय आधी जाहीर होतो. त्या विषयावर आपल्या देशाची भूमिका काय आहे हे शोधून एक पानाचे भूमिकापत्र लिहायचे, सभेत वक्त्यांच्या यादीप्रमाणे बोलायचे, मध्यंतरात इतर देशांशी बोलणी करून ठराव तयार करायचा, त्यावर उपसूचना आणायच्या आणि शेवटी मतदान. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हात राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा, म्हणजे १९२० च्या दशकातच, अमेरिकेतील विद्यापीठांतून विद्यार्थ्यांच्या अशा सभा भरू लागल्या. १९४५ नंतर त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाचे रूप घेतले. आज मुंबई, पुणे, दिल्ली येथील इंग्रजी शाळांत हा प्रकार इतका रूढ आहे की त्यासाठी कोट-टाय शिवून घेतात. आपल्याकडे सभा भरते ती भोजनगृहात, बुद्धवंदना आणि नाश्ता आटोपल्यावर, बाके अर्धवर्तुळात लावून. देशांच्या नावांच्या पाट्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांच्या असतात.

एकदा आम्ही चार मुले घेऊन मुंबईतील एका नामांकित शाळेच्या सभेला गेलो होतो. प्रवेशशुल्क ऐकून आमच्या मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला होता. ते एका माजी विद्यार्थ्याने भरले. तेथे आमच्या मुलांना इंग्रजीत बोलताना घाम फुटला आणि पहिला दिवस जवळजवळ मौनात गेला. दुसऱ्या दिवशी म्यानमारची पाटी असलेला आमचा मुलगा उठला. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितले की, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या युद्धानंतर पदच्युत करून ज्या गावी आणून ठेवले, त्या गावाहून मी आलो आहे. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तेथे अजून उभा आहे आणि १९१६ साली मरण पावलेल्या त्या राजाची कबरही तेथेच आहे. सभागृहात प्रथमच कोणीतरी त्याच्याकडे मान वळवून पाहिले. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला यातला योगायोग नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. दिल्लीचा शेवटचा बादशहा रंगूनला नेऊन ठेवला, तो १८६२ साली तेथे वारला. आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा बौद्ध राजा रत्नागिरीस आणला. पुढे त्याच ब्रह्मदेशातील यू थांट १९६१ ते १९७१ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झाले. आमच्या मुलाने हेही सांगितले. त्याला बक्षीस मिळाले नाही.

परतीच्या गाडीत मी ठरवले की आपली सभा मराठीत भरवायची. यावर आक्षेप आला की मग इंग्रजी कधी शिकणार? इंग्रजी शिकलेच पाहिजे, त्याबद्दल माझे दुमत नाही; तिच्यासाठी स्वतंत्र तास आहेत. पण विचार करणे आणि परक्या भाषेत अडखळणे ही दोन ओझी एकाच वेळी तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर दिली की तो पहिले ओझे खाली टाकतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा आहेत; त्यांत हिंदी नाही, मराठीही नाही. तरीही भाषांतराची व्यवस्था स्वतः केली तर प्रतिनिधीला आपल्या भाषेत बोलता येते. १९७७ साली परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी आमसभेत हिंदीतून बोलले होते. आमच्या सभेत आता दहावीची दोन मुले दुभाष्याचे काम करतात आणि प्रत्येक ठरावाचा इंग्रजी मसुदा तयार करतात. त्यांचे इंग्रजी त्यामुळे सुधारले, हा अनपेक्षित लाभ.

बक्षिसेही आम्ही बंद केली. 'उत्कृष्ट प्रतिनिधी' म्हणून जो निवडला जातो तो बहुधा सर्वांत मोठ्याने बोलणारा असतो. मध्यंतरात तीन देशांच्या बाकांवर जाऊन, वाक्यातील एक शब्द बदलून, अडलेला ठराव सोडवणारी अबोल मुलगी कोणाच्या नजरेस पडत नाही.

अभ्यास कसा होतो याचे एकच उदाहरण देतो. एका वर्षी विषय होता स्थलांतरित कामगारांचे हक्क. संयुक्त राष्ट्रसंघाने त्यावर १९९० साली करार संमत केला आहे. नेपाळची पाटी लांजा तालुक्यातील एका मुलाकडे होती. ग्रंथालयात नेपाळवर दोनच पुस्तके, तीही जुनी. पण आपल्या आंब्याच्या बागा नेपाळी रखवालदार आणि मजूर सांभाळतात हे कोणाला सांगायला हवे? मुलगा रविवारी परवानगी काढून शेजारच्या बागेत गेला आणि वहीची चार पाने भरून आला. घरी पैसे कसे पाठवतात, पावसाळ्यात कोठे राहतात, मुले कोणत्या शाळेत जातात. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या कराराचे नाव त्या रखवालदाराला ठाऊक नव्हते. येताना पासपोर्ट लागत नाही एवढे ठाऊक होते. करार नावाची वस्तू कागदावर असते आणि तिच्यामुळे एक माणूस आपल्या कुंपणापलीकडे राहतो, हे त्या मुलाला जे कळले ते मला पाठ्यपुस्तकातून शिकवता आले नसते.

समाजातील काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ते म्हणतात, "आपले प्रश्न गावकुसाशी, सातबाऱ्याशी, शिष्यवृत्तीशी. तुमचा न्यूयॉर्क-जिनिव्हा आपल्याला काय देणार?" त्यांना मी नम्रपणे बाबासाहेबांची आठवण करून देतो. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, दापोलीत ज्यांचे बालपणाचे काही दिवस गेले, त्या माणसाने १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्यांची बाजू जगापुढे मांडली. १९४६ साली अमेरिकेतील निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचताच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनीही तो मार्ग धरावा असा विचार त्यांच्या मनात होता. ३१ जुलै १९४६ रोजी ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. संयुक्त राष्ट्रसंघाला तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली त्यांत परराष्ट्र धोरण होते. साडेतीनशे कोटींच्या महसुलातील एकशे ऐंशी कोटी सैन्यावर जातात हा हिशेब त्यांनी मांडला. परराष्ट्र धोरण आणि गरिबाची भाकरी यांचा संबंध त्यांनी असा आकड्यांत दाखवला. सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि तिच्यापुढे बोलताना वक्तृत्व प्रयत्नाने कमावता येते हे त्यांनी मुलांना सांगितले होते. तेव्हा हा उपक्रम आपल्या परंपरेबाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

आता माझ्या चुकीविषयी.

काही वर्षांपूर्वी विषय ठेवला होता जन्म आणि काम यांवर आधारलेला भेदभाव. देश चिठ्ठ्या टाकून वाटले. भारताची चिठ्ठी निघाली नववीतल्या एका मुलीच्या हाती. तिने अभ्यास मन लावून केला. २००१ साली दरबान येथे वंशवादाविरुद्ध जागतिक परिषद झाली, तेव्हा दलित संघटना जातीचा प्रश्न तेथे नेऊ पाहत होत्या आणि भारत सरकारची भूमिका अशी होती की जात म्हणजे वंश नव्हे, घटनेने आणि कायद्याने आम्ही उपाय केले आहेत, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. हे सर्व तिने स्वच्छ अक्षरांत लिहून काढले. आदल्या रात्री अभ्यासिका सुटल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, "सर, मी हे उद्या बोलणार आहे. पण माझ्या आजीला विहिरीवर चढू देत नव्हते. ओंजळीत वरून पाणी घालायचे. मग मी हे कसं बोलू?"

मी म्हणालो, "अगं, हा खेळ आहे."

ते उत्तर चुकीचे होते हे मला रात्रीच कळले, पण सकाळपर्यंत दुसरे सुचले नाही. ती उठली आणि उत्तम बोलली. तिच्याविरुद्ध बोलणाऱ्या मुलांनी १९६५ च्या वंशभेदविरोधी कराराचा आधार घेतला. त्या कराराच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण यांच्याबरोबर 'डिसेंट', म्हणजे जन्माने लाभलेले कूळ, हा शब्द आहे. तो शब्द मसुद्यात यावा अशी सूचना भारताच्याच प्रतिनिधींनी केली होती. भारताने १९६८ साली करार स्वीकारला. आणि १९९६ साली त्या कराराच्या समितीने त्या शब्दात जातही येते असे भारताला कळवले. मुलांनी हे शोधून काढले होते. भारताची बाजू मतदानात हरली. मग तिने पाटी पालथी ठेवून हात वर केला आणि 'मला माझ्या नावाने बोलायचे आहे' असे सांगितले. अध्यक्षपदी असलेल्या दहावीच्या मुलाने नियमांचे पुस्तक पाहिले आणि 'प्रतिनिधीला तसे बोलता येत नाही' म्हणून परवानगी नाकारली. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. मी मागच्या बाकावरून उठून तिला बोलू द्या असे सांगितले. ती आजीविषयी दोन मिनिटे बोलली. भोजनगृहात भांड्यांचा आवाजही थांबला होता.

त्यानंतर एका सहकाऱ्याने मला सुनावले की आपल्याच लेकीच्या तोंडी ती भाषा घालण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मी अजून त्याच्याशी पूर्णपणे सहमत नाही. ही मुलगी उद्या न्यायालयात, विद्यापीठात, मंत्रालयात जाईल तेव्हा तो युक्तिवाद तिच्यासमोर याहून सफाईदार रूपात उभा राहील. तो आतून ओळखीचा असला तरच त्याला उत्तर देता येते. परंतु चिठ्ठीने तो तिच्यावर लादायला नको होता, हे त्याचे म्हणणे खरे आहे. घटनेच्या मसुद्याचे काम करताना आपण अनेक गोष्टी स्वतःच्या इच्छेविरुद्ध केल्या, हे बाबासाहेबांनी १९५३ साली राज्यसभेत उघडपणे बोलून दाखवले होते. पदाने बांधलेल्या माणसालाही पुढे आपल्या तोंडाने बोलण्याची जागा लागते. मी त्या मुलीसाठी ती जागा आधी राखली नव्हती.

तेव्हापासून दोन बदल केले. अशा विषयावर भारताची पाटी मागून घ्यावी लागते. कोणावर पडत नाही. आणि सभेचा शेवटचा अर्धा तास पाट्या पालथ्या ठेवून प्रत्येकाने आपल्या नावाने बोलायचे. पहिल्या वर्षी या अर्ध्या तासात मुले लाजून गप्प बसली. गेल्या वर्षी वेळ पुरला नाही, जेवणाची घंटा पुढे ढकलावी लागली आणि स्वयंपाकघरातील मावशींनी मला दोन शब्द ऐकवले. भारताची पाटी गेल्या वर्षी कोणी मागितली म्हणाल, तर त्याच मुलीच्या धाकट्या भावाने.

यंदाचा विषय समुद्राचा आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातील बारा सागरी मैल आणि दोनशे सागरी मैल या मर्यादा मिरकरवाडा-हर्णैकडच्या मुलांना शिकवाव्या लागणार नाहीत. पर्ससीनच्या नौका आणि छोटे मच्छीमार यांची भांडणे ती लहानपणापासून ऐकत आली आहेत. नॉर्वेला या विषयात मोठे महत्त्व आहे आणि खेडचा मुलगा ती पाटी सोडायला तयार नाही.

एक अडचण मात्र आहे. ग्रंथालयातील जगाचा नकाशा इतका जुना आहे की त्यात सोव्हिएत संघ अखंड आहे आणि युगोस्लाव्हियाही. ज्या माजी विद्यार्थ्यांना सुवर्णस्मृती म्हणून शाळेला काही द्यावेसे वाटत असेल त्यांनी मराठीतला मोठा, भिंतीवरचा, नवा नकाशा पाठवावा. जुना आम्ही काढणार नाही. तो नव्याच्या शेजारी टांगायचा आहे.