दुरुस्तीचा हक्क कोणाचा?

घरातला मिक्सर बंद पडला, शेतावरचा पंप जळाला किंवा रिक्षा वाटेत उभी राहिली, की कष्टकऱ्यापुढे दोनच मार्ग ठेवले जातात: मिस्त्रीला पैसे मोजा, नाहीतर स्वतःच हातात पाना घ्या. पहिला महाग, दुसरा स्वस्त, असा हिशेब मांडून काटकसर शिकवणाऱ्यांची वाण नाही. त्या हिशेबात दिवसभर राबून आलेल्या माणसाचे रात्रीचे श्रम मात्र शून्य किमतीचे धरलेले असतात!

शिवाय ही निवडच फसवी आहे. दुरुस्तीचे बिल केवळ मिस्त्रीच्या मजुरीने फुगत नाही. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दोष शोधण्याची साधने कंपन्यांनी कुलूपबंद केल्यामुळेही फुगते. ते कुलूप मिस्त्रीला जसे अडवते, तसेच घरी पाना घेऊन बसलेल्यालाही अडवते.

याचा पुरावा सरकारदप्तरीच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपराध कोणता? सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणे. बौद्धिक संपदा आणि ग्राहकाची सुरक्षितता यांची ढाल कंपन्यांनी पुढे केली. आयोगाने ती मानली नाही. कंपन्या अर्थातच वरच्या दारी गेल्या.

ही वृत्ती नवी नव्हे. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी संगनमत करून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले आणि अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड लावला. टिकाऊपणा हा नफ्याचा शत्रू ठरला.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने तिच्या कक्षेत आली. त्याच डिसेंबरात संकेतस्थळही निघाले. परंतु माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर असेल, तर तो हक्क नव्हे, ती भिक्षा होय.

मिस्त्री आणि गिऱ्हाईक हे दोघेही एकाच मक्तेदारीचे बळी आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारा हिशेब कंपन्यांच्याच पथ्यावर पडतो. म्हणून गॅरेज कामगार, रिक्षाचालक, शेतकरी आणि गृहिणी यांची मागणी एकच असली पाहिजे: सुटे भाग जाहीर किमतीत व ठरावीक वर्षे मिळालेच पाहिजेत, पुस्तिका मराठीत असल्या पाहिजेत आणि नकार देणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. विकत घेतलेली वस्तू उघडण्याची मुभा नसेल, तर ती विकलीच गेलेली नाही. ती भाड्याने दिलेली आहे.