टिक कुणाच्या फोनवर दिसतेय, ते आधी बघा

मागच्या महिन्यात दादर स्टेशनबाहेर एकाने मला थांबवलं. "भाऊ, पाचशे कॅश द्या ना, मी लगेच यूपीआय करतो." मी नंबर सांगितला. त्याने फोन पुढे केला: हिरवी टिक, माझं नाव, ५०० रुपये. मी माझं बँकेचं ॲप उघडलं, तर काहीच जमा नाही. "सर्व्हर डाऊन असेल," म्हणत तो गर्दीत गायब!

पेमेंट झाल्याची हुबेहूब स्क्रीन दाखवणारी बनावट ॲप्स असतात. मेसेजही खोटा पाठवता येतो. म्हणून बॅलन्स स्वतःच्या ॲपमध्येच बघायचा.

एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीला पाठवायच्या कलेक्ट रिक्वेस्ट बंद केल्या. त्यामुळे "पैसे मिळवायला पिन टाका" हा डाव अवघड झाला. पण तेव्हा दुकानदारांच्या रिक्वेस्ट चालूच राहिल्या आणि क्यूआर कोडही आहेच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

पैसे देतानाही तेच. ३० जून २०२५ पर्यंत सगळ्या यूपीआय ॲप्सना बँकेतल्या नोंदीप्रमाणे खातेदाराचं नाव दाखवणं बंधनकारक झालं. रिक्षात किंवा पार्किंगमध्ये चिकटवलेला कोड स्कॅन केलात की पिनआधी ते नाव वाचा. वेगळं वाटलं तर समोरच्याला विचारा.

नियमाने एक दार बंद केलं. पण घाईत असलेला प्रवासी अजूनही सोपं गिऱ्हाईक आहे. फसलातच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत रोखली जाण्याची शक्यता जास्त.