धडे फुकट, पण वेळ कोणाचा?

हल्ली नोकरीचा विषय कोठेही निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आता सारे मोबाईलवर फुकट मिळते, तरीही ज्याला इंग्रजी येत नाही, तो आळशी!’ हे वाक्य मालक उच्चारतात, लग्नसमारंभातील पाहुणे उच्चारतात आणि, खेदाची गोष्ट अशी की, पुष्कळदा मुलांचे आईवडीलही उच्चारतात. ह्या वाक्याचा आम्ही प्रतिवाद करू इच्छितो. कारण ते अर्धसत्य आहे, आणि त्याचा सारा भार मराठी माध्यमातून शिकून नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींच्या माथी पडतो.

त्यातील सत्याचा अर्धा भाग आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आय.आय.टी. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2003 साली एनपीटेल हा उपक्रम सुरू केला. 2017 साली केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. तेथे इंग्रजी संभाषणाचेही पाठ आहेत. शिकणे विनामूल्य, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. ज्याच्या गावी इंग्रजीचा चांगला शिक्षक नाही, त्याच्या दृष्टीने हे वरदानच होय.

परंतु विहीर खणली म्हणजे शेत भिजले, असे होत नाही. हार्वर्ड व एम.आय.टी. ह्या नामांकित विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात 2019 साली प्रसिद्ध झाली. त्या अभ्यासक्रमांचे विषय निरनिराळे होते. पण अनुभव एकच. 2017-18 मध्ये नाव नोंदविलेल्यांपैकी केवळ 3 टक्क्यांच्या आसपास लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरून ज्यांनी स्वतःला बांधून घेतले, त्यांच्यात हेच प्रमाण 46 टक्के होते. मग उरलेले सारे जग आळशी म्हणावयाचे काय? एकट्याने, बंधनाविना, कोणी विचारणारे नसताना शिकत राहणे माणसाला जड जाते, एवढाच ह्याचा अर्थ.

आता थोडे गणित करू. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजानुसार, शून्यापासून कामकाजात स्वतंत्रपणे वावरता येईल अशा ‘बी-2’ पातळीपर्यंत पोहोचण्यास मार्गदर्शनाखालील सुमारे 500 ते 600 तास लागतात. शाळेत निम्मी वाट चालून झाली, असे धरले तरी 250 तास उरतात. दररोज पाव तास मोबाईलवर धडा गिरविणाऱ्याला त्यासाठी 1,000 दिवस, म्हणजे पावणेतीन वर्षे हवीत. आणि तीही एकही दिवस न चुकविता. ‘तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

शिवाय तो पाव तास तरी कोठला? वसईचा तरुण पहाटे घर सोडतो आणि रात्री परततो. त्याच्या हाती उरतो तो विरार लोकलमधला वेळ. त्या गर्दीत कानाला यंत्र लावून ऐकता येते. पण मोठ्याने बोलता येत नाही. आणि कचेरीत त्याला अडते ते नेमके बोलण्यातच.

‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्याशी बोलते, चुकाही सुधारते,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. चुकल्यावर कोणी हसत नाही, हा लाजऱ्या मुलाला मोठाच दिलासा आहे. परंतु यंत्र चिडत नाही, घाई करीत नाही. गिऱ्हाईक आणि वरिष्ठ हे सारे करतात. आणि मुख्य म्हणजे, ‘काल तू का आला नाहीस?’ असे काळजीने विचारणारे यंत्र अद्याप झालेले नाही.

भाषा संगतीत येते. 1579 साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रजाने आपल्या लोकांत राहून आपली भाषा आत्मसात केली, आणि 1616 साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले ते दूरशिक्षणासाठीच. पण त्यानेही विद्यार्थ्याला पोस्टाच्या पुडक्यासह एकटे सोडले नाही. त्याने गावोगावी अभ्यासकेंद्रे उघडली.

आणि मालकवर्ग? ‘इंग्रजीवर प्रभुत्व आवश्यक’ एवढे तीन शब्द जाहिरातीत छापले की त्याचे कर्तव्य संपते. जेथे शब्दाच्या चुकीने प्राण जातात, तेथे इतका सैलपणा चालत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गावरील वैमानिकांसाठी सहा पातळ्यांची मोजपट्टी असून किमान चौथी पातळी लागते. जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली ठरावीक वाक्यांचा संचच मान्य केला. किती इंग्रजी, कोणत्या कामासाठी, हे तेथे नेमके सांगितलेले आहे. मग परिचारिकेने पाळी बदलताना रुग्णाची नोंद लिहावी की टेलिफोनवर तक्रार ऐकून घ्यावी, एवढे तरी उमेदवाराला कळू नये काय? आणि इंग्रजीची गरज जर कामाची असेल, तर ती शिकण्याचा वेळ केवळ कामगाराच्या झोपेतून का कापला जावा?

आमची मागणी दोन बाबींची आहे. पहिली मालकांकडे : हवे ते इंग्रजी नेमके सांगा, आणि आठवड्यातून निदान दोन तास पगारी वेळेत शिकू द्या. ह्याचा आरंभ आपल्याच शाळा, रुग्णालये व पतपेढ्यांनी करावा. दुसऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार त्यानंतरच. दुसरी धर्मग्रामांकडे : सभागृहाचे दार आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडा. दहा-बारा तरुणांनी अर्धा तास तोच फुकटचा धडा एकत्र पाहावा आणि पुढचा तासभर केवळ बोलावे. बँकेतून, जहाजावरून, इस्पितळातून निवृत्त झालेली आणि आयुष्यभर इंग्रजीत काम केलेली माणसे आपल्या आळीआळीत आहेत. त्यांना बोलावणे तेवढे धाडा.

एवढे केल्यावरही जो शिकणार नाही, त्याला खुशाल आळशी म्हणा. तोवर हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणासही नाही.