देह परदेशी, कर्म स्वदेशी

पतीच्या नोकरीनिमित्त म्युनिकला निघालेली पुण्याची अभियंता तेथूनही आपल्या पुण्यातील कंपनीचेच काम करू इच्छिते, तेव्हा तिच्यापुढे राजीनाम्याचा कागद सरकवला जातो. प्रतिभेच्या पलायनाबद्दल दशकानुदशके हळहळणाऱ्यांना ही विसंगती जाणवू नये? हिवाळ्यात पुण्याचे साडेनऊ म्हणजे तिकडची पहाटेची पाच. तरीही ती सिद्ध आहे! अडचणी आहेतच. जेथे बसून काम केले, तेथे कर भरणे न्याय्यच. दुहेरी करातून सुटण्यासाठी उभय देशांत करार आहे. खरी अडचण सामाजिक सुरक्षेची. २०१७पासून लागू असलेला भारत-जर्मनी करार मुख्यतः कंपनीने पाठविलेल्या कर्मचाऱ्याचा विचार करतो. कुटुंबासाठी स्वतःहून गेलेल्या या गृहिणीचा नव्हे. शासनाने ही त्रुटी बर्लिनपुढे मांडावी. तोवर कंपन्यांनी निदान राजीनाम्याची घाई करू नये.