पिशवी काढा!

मराठी माणसाचा प्लॅस्टिकच्या पिशवीवर जितका विश्वास आहे तितका बँकेवरही नाही, हे मी बँकेतला कारकून असूनही सांगतो. मृगाचे दोन थेंब पडले की सायकलस्टँडवरच्या सगळ्या सीटा पिशव्यांची मुंडाशी बांधून बसतात. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने असल्या पिशव्यांवर बंदी घातली. पण सीटवर बसलेली पिशवी आणि खुर्चीवर बसलेला माणूस, दोघांनाही उठवणं कठीणच.

रेक्झिनच्या सीटला पिशवी घाला नाहीतर पैठणी नेसवा, माझी तक्रार नाही. माझं भांडण आहे ते चामड्याची सीट पावसाळाभर पिशवीत कोंडणाऱ्यांशी.

अहो, ही सीट म्हणजे गादी नव्हे, ढोलकी आहे! पुढे-मागे लोखंड आणि मधे रिबिटांनी ताणून बसवलेलं कातडं. ओलं झालं की ते सैलावतं. तशात त्यावर ८० किलोंचा गृहस्थ बसला की मधे झोळी होते. नाकाखालचा बोल्ट आवळून ताण थोडा परत येतो. पण ऊठसूट आवळाल तर कातडं फाटेल.

आता पिशवीचा पराक्रम बघा. पाऊस वरून पडतो, हे भूगोलात ठीक. सायकलच्या सीटला तो खालूनही लागतो, मागच्या चाकाच्या कृपेने! म्हणजे पहिला मान मडगार्डचा. पिशवी वरून पहारा करते आणि खालून आत शिरलेलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. मग बुरशी धरते. उभ्या सायकलवर पाऊस कोसळत असेल तर घाला पिशवी. पण छपराखाली आलात की काढा. छत्री काय आपण दिवाणखान्यात उघडून बसतो?

भिजलीच सीट, तर पुसा आणि सावलीत वाऱ्यावर वाळू द्या. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलीत तर तडकेल. पावसाळ्याआधी चामड्याचं मेण लावा, बेताने, आणि खालच्या उघड्या बाजूलाही. वाटीभर खोबरेल चोपडू नका. सीट म्हणजे डोकं नव्हे. तेल पिऊन ती आणखी लोळागोळा होते.

‘एवढे लाड कशाला? नवी घ्या,’ असं सांगणारे शहाणे भेटतात. कॉमर्सला आम्हांला शिकवलं, की वापरलेल्या वस्तूची किंमत घटते. त्याला घसारा म्हणतात. चामड्याची सीट हा नियम मोडते. वापराने ती हळूहळू बसणाऱ्याच्या आकाराची होते, आणि तशी कुठल्या दुकानात मिळत नाही. आपल्यासाठी आकार बदलणारं दुसरं आसन दाखवा मला! ऑफिसची खुर्ची तर नाहीच; तिथे बसून बसून आपलाच आकार बदलतो.