जगाचा इतिहास कोणाच्या गलबतावरून पाहायचा?

जेम्स मिल भारतात एकदाही आला नव्हता आणि त्याला एकही भारतीय भाषा येत नव्हती. तरीही १८१७ मध्ये त्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि आपले हे अज्ञान म्हणजे दोष नसून निःपक्षपातीपणाची हमीच होय, असा अजब युक्तिवाद प्रस्तावनेत केला. कंपनीचे भावी अधिकारी हेलीबरीच्या महाविद्यालयात हाच ग्रंथ अभ्यासून आपल्यावर राज्य करावयास येत. हिंदू, मुस्लिम व ब्रिटिश असे आपल्या इतिहासाचे जे तीन कप्पे त्याने पाडले, ते नावे बदलून विद्यापीठांत दीर्घकाळ नांदले.

मिलवर टीका करणे आता सोपे झाले आहे. परंतु मिलला जाऊन दोन शतके उलटत आली; आपण काय केले?

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. आमच्या पिढीला ‘जगाचा इतिहास’ या नावाखाली जे शिकविले गेले, त्यात फ्रेंच राज्यक्रांती होती, बिस्मार्क होता, दोन महायुद्धे होती. चीन अवतरला तो अफूच्या युद्धात, १८३९ साली. जपान उगवला कमोडोर पेरीच्या युद्धनौका तेथे पोहोचल्यावर, १८५३ साली. युरोपचे गलबत ज्या बंदराला लागेल, त्या देशाचा इतिहास त्या दिवशी सुरू! कन्फ्यूशियस, हान साम्राज्य, इराणचे ससानी, कंबोडियाचे अंगकोर यांचा पत्ताच नव्हता. पाश्चात्त्यांच्या दृष्टीने हे स्वाभाविक म्हणता येईल. पण ज्यांच्या पूर्वजांच्या संस्कृत भाषेत अंगकोरचे राजे आपले शिलालेख कोरवीत होते, त्यांनीही जगाकडे पाश्चात्त्य डेकवरूनच पाहावे?

अमेरिकेत या प्रश्नावर निदान भांडण तरी झाले. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये पाश्चात्त्य संस्कृतीचा अनिवार्य पाठ्यक्रम सुरू केला, त्याचे अनुकरण देशभर झाले. आणि १९८७-८८ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी अशा पाठ्यक्रमाविरुद्ध मोर्चे काढून तो बदलावयास लावला. तो बदल योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. आपल्याकडे असा मोर्चा कधी निघाल्याचे स्मरत नाही. मुलाने उत्तम गुण असूनही इतिहास घेतो म्हटले की घरात सुतकी कळा पसरते, तेथे मोर्चा कोण काढणार?

आपल्या व्याख्यानांत एक उल्लेख हमखास येतो. तुर्कस्तानातील बोगाझकोई येथे सापडलेल्या, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील करारात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे आहेत. उल्लेख अचूक आहे, टाळ्याही पडतात. पण त्या मृत्तिकापट्टिका उकरल्या जर्मनांनी आणि वाचल्याही युरोपीय पंडितांनीच. कंबोडियातील संस्कृत शिलालेखांचे संपादन बार्थ आणि बेर्गेन्य या फ्रेंच विद्वानांनी एकोणिसाव्या शतकातच केले. पुढे सेदेस यांनी आठ खंड सिद्ध केले. रमेशचंद्र मजुमदारांसारखे मोजके अपवाद वगळता आपण मात्र त्यांच्या टिपा उद्धृत करीत राहिलो. विल ड्युरांटची प्रशस्ती आपण भिंतीवर लावतो. पौर्वात्य संस्कृतींवरील त्याचा १९३५ चा हजार पानी खंड किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे?

आपली परंपरा अशी नव्हती. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पु. वि. बापट चिनी भाषा शिकले आणि केवळ चिनी अनुवादात पूर्णत्वाने टिकलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ या बौद्ध ग्रंथाची ‘विसुद्धिमग्गा’शी त्यांनी केलेली तुलना १९३७ मध्ये पुण्यातूनच प्रसिद्ध झाली. सुखटणकरांनी बर्लिनमध्ये पाठचिकित्सेची शिस्त आत्मसात केली आणि ती भांडारकर संस्थेच्या महाभारताला लावली. १९६६ साली ती चिकित्सक आवृत्ती पुरी झाली, आणि आज जगातील प्रत्येक महाभारत-अभ्यासकाला ती हाती घ्यावी लागते. सेतुमाधवराव पगडींना फारसी येत होती, म्हणून मोगलांची साधने मराठीत आली. पिसुर्लेकरांना पोर्तुगीज येत होती, म्हणून गोव्याच्या दफ्तरातील मराठ्यांचा इतिहास उजेडात आला. यांपैकी कोणीही परक्याची भाषा शिकल्याने कमी भारतीय ठरला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले. स्वागतच आहे. मात्र पूर्वी केवळ युरोप शिकविला आणि आता केवळ स्वतःला शिकविले, तर कूपाची जागा बदलेल, मंडूक तोच राहील. भारत ही एक थोर संस्कृती आहे हे इतर संस्कृतींच्या शेजारी उभे करूनच दाखविता येते, आणि त्यासाठी त्या संस्कृती त्यांच्याच भाषांतून वाचाव्या लागतात.

तेव्हा मागणी नेमकी करावी. महाराष्ट्रातील किमान एका विद्यापीठात विश्वसंस्कृतींच्या इतिहासाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असावा. त्यात अभिजात चिनी, फारसी, ग्रीक वा अक्कादी यांपैकी एक भाषा अनिवार्य असावी. शिक्षक कोठून आणणार, असे विचारले जाईल. प्रारंभी बाहेरून आणावे लागतील. दरम्यान, दरवर्षी सत्कार-समारंभांवर जो निधी खर्च होतो, त्यातून एखादा बुद्धिमान तरुण लायडनला अक्कादी शिकावयास पाठविता येईल. त्याच्या आईवडिलांची समजूत घालण्याचे काम आपल्या कार्यकर्त्यांनी करावे.